पावतीपुस्तक

साखर पेठेत, यंत्रमागाच्या कारखान्यावर
सतरा पायऱ्या चढून आलं की डाव्या हाताला आमची खोली.
पाटी लहान ठेवलीय, मुद्दाम.
'मन' हा शब्द मोठा काढला
की लोक पानटपरीचं निमित्त करून
खालूनच परत जातात.

मंगळवारी नि गुरुवारी, दोन ते पाच,
आत डॉक्टरीणबाई ऐकतात,
बाहेर मी पावत्या फाडतो.

पावतीवर छापलंय: श्री/श्रीमती. रुपये. अक्षरी रुपये.
याच्यात बसेल तेवढं दान.
बाकीचं कुठं लिहू?

नरसम्मा बोद्दूल म्हणाली, पैसे नाहीत की ओ,
विड्या तेवढ्या येतात.
गुरुवारी सूप घेऊन येते, बाकाच्या कडेला बसते,
पान, तंबाखू, दोरा, पान.
मान वर करत नाही.
म्हणूनच असेल, शेजारी बसलेली पोरगी
जे आईला सांगू शकली नव्हती
ते तिच्या बोटांना सांगून मोकळी झाली.
नरसम्मा फक्त म्हणाली, हं.
आणि दोरा तोडला.

मौलालीच्या रिक्षाचं भाडं निम्मं.
सिव्हिलमधून कुणाला घरी सोडताना
'आता बरं वाटतंय का' असं तो विचारत नाही.
विचारतो, तुमच्याकडं पाणी कधी आलं?
चौथ्या दिवशी, का पाचव्या?
आणि महिनाभर कुणाशी न बोललेला माणूस
वैतागून म्हणतो, सहाव्या!
ते पण रात्री दोनला!

एका शिक्षिकेनं फोन करून विचारलं, मी काय करू शकते?
बाईंनी सांगितलं, वर्गात कुणी कुणाला 'येडं' म्हणालं
तर हसू नका.
एवढंच?
एवढंच. पण रोज.
नंतर त्यांचा फोन नाही.
हसत नसतील, असं मी धरून चालतो.

चादरींच्या कारखानदारानं
दुय्यम मालाचं एक बंडल पाठवलं,
मोराला एकच पाय आलेला.
त्याला भिंतीवर नावाची फरशी हवी होती,
आईवडिलांसकट, सोनेरी अक्षरांत.
दोन महिन्यांनी स्वतःच आला,
चप्पल हातात घेऊन, दार लावून तासभर आत बसला.
फरशीचा विषय मग निघालाच नाही.
चादर मात्र ऊबदार आहे. मोर धरून उभा आहे.

गड्ड्याच्या जत्रेत आम्ही टेबल मांडलं होतं
मौत का कुव्याच्या शेजारी.
अडीचशे पत्रकं वाटली. बऱ्याचशांत भजी गेली.
पुढच्या मंगळवारी एक बाई तेलकट कागद घेऊन आल्या,
म्हणाल्या, भजी संपल्यावर वाचलं.

माझी फाईल इथंच आहे, लोखंडी कपाटात,
नंबर एकोणीस.
मी तेव्हा झोपत नव्हतो.
माग बंद झाले तरी
कानातले माग सुरूच राहायचे.
थोरल्या भावानं सगळ्यांना सांगितलं होतं,
गाणगापूरला गेलाय, सेवेला.
सहा वर्षं मी गाणगापुरात होतो
भवानी पेठेतल्या आमच्याच खोलीत.

गेल्या मंगळवारी जिन्यावर पावलं वाजली.
मी मोजत होतो, सवयच आहे.
अकराव्या पायरीला थांबली.
खाली माग चालू होते, त्यामुळं
तो खोकला की हुंदकला ते कळलं नाही.
मी उठलो नाही.
उठलो असतो तर तो उतरला असता.

मग बारा. तेरा.

पाचशेची नोट टेबलावर ठेवली.
मी विचारलं, कुणाच्या नावानं?
त्यानं भिंतीकडं बघितलं, कपाटाकडं,
एका पायाच्या मोराकडं.
गुप्तदान लिहू का, म्हटलं.
बरेच जण तसंच लिहायला सांगतात.

नको, म्हणाला.
सिद्धाराम मल्लप्पा कलशेट्टी.
आडनावासकट लिही.

अक्षरी रुपये लिहिताना
माझं 'पाचशे' दोनदा चुकलं.
खोडून त्यावर सही केली,
तीच 'कलशेट्टी'.